गुरुवार ते सोमवार : नाशिक रोडच्या तुरुंगातले पाच दिवस

हा भाग ज्यांना ऐकता आला नाही, किंवा ऐकता ऐकता सिटी बसमध्ये झोप लागली, त्यांच्यासाठी हे लिहून देतोय. बोलताना जे घाईत निसटलं होतं तेही इथे घातलंय.

गेल्या वर्षी आमच्या घरचा गणपती तुरुंगातून आला. खरंच. नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहातले कैदी शाडूच्या मूर्ती बनवतात आणि त्या तिथेच विकायला ठेवतात. आईला कुणीतरी सांगितलं आणि तिनं ठरवून टाकलं, यंदाचा बाप्पा तिथूनच. मला गाडी चालवायला नेलं, कारण मी घरीच होतो. घरी होतो म्हणजे काय, तर पुण्यातली नोकरी जून महिन्यात गेली होती. पंधरा मिनिटांची मीटिंग, दुपारी लॅपटॉप जमा, संध्याकाळी ऑफिसच्या ईमेलचा पासवर्ड चालेना. सहा वर्षं ज्या सिस्टीमची रात्री-अपरात्री काळजी वाहिली, तिनं मला ओळखच दाखवली नाही.

रूम सोडून नाशिकला आलो. रात्री झोप येत नसे. पहाटे तीन वाजता फोनवर नोकऱ्यांच्या जाहिराती चाळत पडायचो. आणि संध्याकाळी दिवेलागणीला आईचा हरिपाठ सुरू झाला की माझी चिडचिड व्हायची. एकदा तर मी बोलून गेलो, "आई, विचार ना तुझ्या देवाला, माझं ऑफर लेटर कुठे अडकलंय ते." ती रागावली नाही. चष्मा काढून म्हणाली, "अरे, मी मागत नाही काही त्याच्याकडे. सोबत असते, एवढंच."

तर त्या तुरुंगाबाहेर मूर्तीसाठी रांगेत उभे असताना पुढचे एक काका सहज म्हणाले, "श्यामची आई इथंच लिहिलीय बरं का, साने गुरुजींनी." मला माहीत होतं. नाशिकच्या प्रत्येक पोराला हे माहीत असतं, जनरल नॉलेजसारखं. पण त्या दिवशी भिंतीकडे बघताना पहिल्यांदाच मनात आलं की आत नेमकं काय झालं असेल? जन्मठेपेचा दगड फोडता फोडता माणूस आईची गोष्ट कशाला लिहितो? (जन्मठेप नव्हती त्यांना, तो माझ्या मनातला सिनेमा. घरी येऊन वाचायला लागलो तेव्हा असे बरेच सिनेमे मोडले.)

आधी माणूस थोडक्यात. पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातलं पालगड, तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा. घर एकेकाळी खोताचं, पण गुरुजींच्या लहानपणी कर्जात बुडत चाललेलं. शिक्षण ओढाताणीत झालं, तत्त्वज्ञानात एम. ए. झाले आणि १९२४ साली खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले. वसतिगृह सांभाळताना पोरांच्या अंथरुणाच्या घड्यासुद्धा स्वतः घालायचे. १९३० साली गांधीजींचा मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. काढून टाकलं नव्हतं, सोडली. हा फरक मला तेव्हा फार टोचला होता.

मग तुरुंग सुरू झाले. आधी धुळे, तिथून थेट तमिळनाडूतलं तिरुचिरापल्ली. तिथे हा माणूस तमिळ शिकला आणि पुढे 'तिरुक्कुरळ' मराठीत आणलं. १९३२ साली पुन्हा अटक, पुन्हा धुळे. इथून आपली गोष्ट खरी सुरू होते.

त्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते. जमनालाल बजाजही होते. सत्याग्रहींची भरती एवढी होती की तुरुंग म्हणजे अर्धं अधिवेशनच. विनोबांनी दर रविवारी गीतेवर बोलायचं असं ठरलं. पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२ ला झालं आणि शेवटचं १९ जूनला. मी इंजिनिअर माणूस, कॅलेंडर काढून मोजलं. बरोबर अठरा रविवार येतात. गीतेचे अध्याय अठरा. म्हणजे एकही रविवार चुकला नाही. आपला पॉडकास्ट सुरू झाल्यापासून मी किती रविवार चुकवलेत ते तुम्हाला माहीतच आहे.

ही प्रवचनं आज आपल्या हातात आहेत ती एकाच कारणामुळे : साने गुरुजी खाली बसून भराभर लिहून घेत होते. रेकॉर्डर नाही, काही नाही. हात आणि पेन्सिल किंवा टाक, जे मिळालं असेल ते. पुढे त्याचं 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं आणि भारतातल्या कितीतरी भाषांत गेलं. आपण या ब्लॉगवर जे करतो, ऐकलेलं उतरवून काढतो, त्या धंद्यातले आपले थोर पूर्वज म्हणजे साने गुरुजी.

मी ती प्रवचनं वाचायला घेतली तेव्हा वाटलं होतं की 'दुःख विसरा, देवावर सोडा' असं काहीतरी असणार. तसं नाहीये. पहिल्याच प्रवचनात विनोबा अर्जुनाला सरळ उलटं धरतात. त्यांचा दाखला असा : एक न्यायाधीश आहे, आयुष्यभर गुन्हेगारांना फाशी देत आला. एक दिवस स्वतःचा मुलगाच खुनी म्हणून समोर उभा राहतो आणि मग अचानक न्यायाधीशाला फाशीची शिक्षा किती वाईट ते सुचायला लागतं. अर्जुनाचं तत्त्वज्ञान त्या जातीचं आहे, असं विनोबा म्हणतात. समोर बसलेले लोक घरदार सोडून आलेले, कुणाची बायको आजारी, कुणाची जमीन जप्तीला लागलेली. त्यांना गोंजारायच्या ऐवजी हा माणूस विचारतोय, तुमचा मोह नक्की कुठे आहे ते बघा. हे ऐकून त्यांना बळ मिळालं असेल तर ते कडू औषधासारखं मिळालं असेल.

आणि पुढे नवव्या अध्यायाकडे आलं की तेच विनोबा एकदम मऊ होतात. भक्ती म्हणजे वेगळं काही करायचं नाही, जे रोजचं काम करताय तेच त्याला वाहून टाका, आई लेकराचं करते तेसुद्धा देवाचंच करणं आहे, असा तो सूर. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती आणि संस्कृत काही कळेना. तिला सोप्या मराठीत गीता हवी होती. ती १९१८ साली गेली. त्यानंतर बारा वर्षांनी विनोबांनी मराठीत गीता रचायला घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'गीताई'. गीता आणि आई, एका शब्दात.

आणि खाली बसून लिहून घेणारा माणूस? त्याची आई १९१७ च्या नोव्हेंबरात गेली होती. तो तेव्हा पुण्यात शिकत होता. शेवटच्या वेळी जवळ नव्हता.

धुळ्याहून गुरुजींना नाशिकला आणलं. नाशिक रोडचा तुरुंग तेव्हा म्हणजे देशातली भारी मंडळी एका आवारात. जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अच्युत पटवर्धन ही तरुण पोरं १९३२-३३ साली इथेच होती. त्यांच्या चर्चा चालायच्या मार्क्सवर, शेतकरी-कामगारांवर, काँग्रेसच्या आत समाजवादी गट कसा उभा करायचा यावर. १९३४ साली निघालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची मुळं या तुरुंगातल्या गप्पांत आहेत. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. एकाच भिंतीच्या आत काही जण मार्क्सकडून बळ घेतायत आणि एक मास्तर आईकडून, देवाकडून. मला आवडतं ते हे की पुढे गुरुजी याच समाजवाद्यांबरोबर जाऊन बसले. देव मानणाऱ्यानं इकडे आणि न मानणाऱ्यानं तिकडे, अशी आखीव वाटणी त्या पिढीत नव्हती.

९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार. गुरुजींनी लिहायला घेतलं. दिवसा तुरुंगाचं काम, उरलेल्या वेळात आणि रात्री लेखन. १३ फेब्रुवारी, सोमवारी पहाटे हातावेगळं केलं. पाच दिवस. काही भाग त्यांनी नंतर बाहेर आल्यावर जोडला, पण पुस्तकाचा मोठा भाग या पाच दिवसांतला. आमच्याकडे पाच दिवसांत नुसती रिक्वायरमेंट ठरत नाही.

शाळेत असताना आम्ही 'श्यामची आई'ची टिंगल करायचो. रडकं पुस्तक, दर दोन पानांनी कुणीतरी डोळे पुसतंय. एकोणतिसाव्या वर्षी, नोकरी नसताना परत वाचलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या, ज्या आधी दिसल्या नव्हत्या.

पहिली म्हणजे त्याची रचना. हे आत्मचरित्र नाही. एका आश्रमात श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री प्रार्थना झाल्यावर एक गोष्ट सांगतो. म्हणून प्रकरणांना प्रकरण म्हटलेलं नाही, 'रात्र' म्हटलंय. पहिली रात्र, दुसरी रात्र. आधी प्रार्थना, मग गोष्ट, आणि ऐकणारे चार जण. तुरुंगात बराकीतल्या माणसानं कल्पनेत काय बांधलं बघा : देवासमोर बसलेली, एकमेकांचं ऐकून घेणारी माणसं. धुळ्यात तो ऐकणारा होता. नाशिकला सांगणारा झाला. मला वाटतं, हे धुळ्याच्या अठरा रविवारांशिवाय झालं नसतं. हा माझा अंदाज आहे, कुठे लिहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या पुस्तकातला देव काहीच देत नाही. खरंच तपासून बघा. श्यामच्या घरावर कर्ज आहे, ते वाढतच जातं. सावकाराचा माणूस दारात येऊन आईचा अपमान करतो. धाकटा भाऊ जातो. राहतं घर जातं, झोपडीत यावं लागतं. आई आजारी पडते आणि मरते, आणि श्याम वेळेवर पोचत नाही. आई रोज देवाचं करते आणि एकही संकट टळत नाही. चमत्काराचं नाव नाही. मग त्या आईला देव कशासाठी लागतो? ती मुलाला सांगते ते पायांचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. आंघोळ झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो, आई पदर पसरते, आणि म्हणते की पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनाला लागू नये म्हणून देवाला सांग. म्हणजे मागणं आहे, पण कर्ज फिटू दे असं नाही. कर्ज असताना मी वाईट होऊ नये, असं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ छताकडे बघत पडलो. कारण त्या तीन महिन्यांत मी वाईट झालो होतो. ज्या मित्राची नोकरी टिकली त्याचे फोन घेत नव्हतो. आईला टोमणे मारत होतो. नोकरी गेली हे संकट होतं, पण घरातलं वातावरण बिघडवत होतो तो मी.

आता जरा आवाराबाहेर या. गुरुजी आत लिहीत होते तेव्हा तिथून आठ-दहा किलोमीटरवर पंचवटीत काय चाललं होतं? काळाराम मंदिराचा सत्याग्रह. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी नाशिकमध्ये तो वर्षानुवर्षं धरून ठेवला. हजारो माणसं रामाच्या दाराशी आली आणि दार उघडलं नाही. हे सांगितल्याशिवाय 'देवाचा आधार' या विषयावर बोलणं मला लबाडीचं वाटतं. संकटात देवाकडे जा म्हणणं सोपं आहे, पण ज्याला देवाच्या दारातूनच हाकलतात त्यानं जायचं कुठे? पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. पुढे १९५६ साली नागपूरला लाखो लोकांना आधार मिळाला तो बुद्धाकडे, कुठल्याही देवाकडे नाही.

गुरुजींना हे दिसत होतं का? पुस्तकात एक रात्र आहे. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी खाली पडलीय, कुणी उचलून देईना. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर दे. लोक काय म्हणतील म्हणून श्याम घाबरतो, तरी जातो. तिथे नंतरच्या आंघोळीचंही बोलणं आहे आणि आज वाचताना ते खटकतं, खटकायलाच पाहिजे. पण ही गोष्ट लिहिणारा माणूस मोळी उचलून थांबला नाही. बरीच वर्षं लागली, पण १ मे १९४७ ला तो पंढरपुरात उपोषणाला बसला. मागणी एकच, विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडा. त्याआधी अख्खा महाराष्ट्र पालथा घालून त्यानं लोकांची मनं वळवली होती. दहा दिवस उपोषण चाललं. बडवे आधी नाही म्हणाले, शेवटी मार्ग निघाला आणि दलितांना मंदिर खुलं झालं. नाशिकच्या बराकीत आईच्या तोंडून जे निघालं होतं ते चंद्रभागेच्या काठी येऊन पोचायला चौदा वर्षं लागली. काळारामापुढे जे बसले होते त्यांना त्याचा उपयोग उशिरा झाला, हेही तितकंच खरं.

इथवर सांगून मी भाग संपवला असता तर छान वाटलं असतं. पण पुढचं सांगायला हवं, कारण ते लपवून हा विषय मांडणं बरोबर नाही.

स्वातंत्र्य आलं. पुढच्या जानेवारीत गांधीजींचा खून झाला, तोही एका मराठी माणसाच्या हातून. गुरुजींनी एकवीस दिवस उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक काढलं, जे आजही निघतं. आणि ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. पन्नास वर्षांचे होते.

कॉलेजात असताना याच मुद्द्यावर माझा एका मित्राशी वाद झाला होता. तो म्हणाला होता, बघ, एवढा देव-देव करून शेवटी काय? तेव्हा मला उत्तर आलं नव्हतं. आजही पूर्ण येत नाही. त्यांच्या मनात काय होतं ते सांगायला ते नाहीत आणि लोक जी कारणं देतात ती मला बाहेरून लावलेली वाटतात. मला एवढं कळतं की मनाचा आजार श्रद्धेची परीक्षा घेत नसतो. ज्याचा पाय मोडला त्याची भक्ती कमी पडली असं आपण म्हणत नाही. आणि १९३३ च्या त्या सोमवारी पहाटे जे त्याला मिळालं होतं ते खोटं होतं असंही यातून होत नाही. ते त्यानं जवळ ठेवलंच नव्हतं, लिहून वाटून टाकलं होतं. १९५३ साली अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला, वनमालाबाईंनी आई केली, आणि देशातल्या पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्याला मिळालं. गुरुजी ते बघायला नव्हते.

तुमच्यापैकी कुणाला सध्या रात्री जड जात असतील तर एक नंबर सांगून ठेवतो, १४४१६. सरकारचा 'टेलिमानस', चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी स्वतः लावला होता. हरिपाठाच्या आड तो येत नाही आणि हरिपाठ त्याच्या आड येत नाही. आईनंच मला नंतर विचारलं, "बोललास का रे त्यांच्याशी परत?"

देव आहे का, मला माहीत नाही. नोकरी मार्चमध्ये लागली, त्यात त्याचा हात होता की माझ्या जुन्या टीम लीडनं टाकलेल्या शब्दाचा, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. पण संध्याकाळी मी घरी असलो तर आता आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसतो. म्हणत नाही, नुसता ऐकतो. तिचा एक शब्द नेहमी चुकतो, मला आता तो पाठ झालाय. फोन बाजूला उलटा ठेवलेला असतो.

यंदाही मूर्ती तिथूनच आणली. पाऊस होता. आईनं शालीत गुंडाळलेला गणपती मांडीवर घेतला होता आणि गाडी तुरुंगाच्या भिंतीला लागून हळूहळू निघाली. खड्ड्यापाशी आली की ती म्हणायची, "सावकाश रे, सावकाश."